छत्रीमागची नदीफेरी

आमची मंडळी जिनिंगमधून बाहेर पडली की कापसाचे तंतू त्यांच्या केसांवर, भुवयांवर, खांद्यांवर बसलेले असत. घरी जाऊन कितीही झटकले तरी सोमवारी शाळेत कुणीतरी म्हणायचंच, "कानामागं अजून एक आहे बघा!" नदीफेरीचे किस्से तसेच. एक झटकावा तर दुसरा सापडतो.

नदीफेरी म्हणजे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जालन्यात कुंडलिकेच्या काठाने केलेली पायपीट. पुलापासून निघायचं, रंगाऱ्यांच्या जुन्या भट्ट्या, तेलाची मिल, आणि शेवटी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. पुढे वाघमारे सर, हातात उंच धरलेली काळी छत्री. ऊन असो वा नसो! मागे शिक्षक, विद्यार्थी, पालक. सगळ्यांच्या शेवटी शाळेचे शिपाई लतीफभाई, कुणी मागे राहू नये म्हणून.

वाघमारे सर माझे यजमान. मीही त्याच शाळेत शिकवते. शाळेत त्यांना 'सर' म्हणायचं, ते घरीही तोंडात बसलं.

*

फेरी सुरू झाली ती एका परीक्षेमुळे. प्रश्न होता, 'आपल्या गावातील उद्योगांची माहिती लिहा.' सगळ्या वर्गाने मुंबईच्या कापडगिरण्या लिहिल्या!

सरांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. "अरे, तुझी आई सकाळी कुठं जाते?"

"जिनिंगमधी."

"मंग ते का नाही लिहिलं?"

"सर, ते तर काम आहे. उद्योग न्हाई!"

त्याच रविवारी सरांनी छत्री काढली.

*

सरांचा एक नियम होता. प्रत्येक थांब्यावर आधी डोळे मिटून वास घ्यायचा, मग माहिती. तेलाच्या मिलपाशी करडईच्या ताज्या तेलाचा असा घमघमाट सुटायचा की भूक चाळवायची.

एकदा नेमकी एकादशी आणि रमजान एकत्र आले. आमच्या शाळेतल्या पाठकबाईंचा उपास, लतीफभाईंचा रोजा. पाठकबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "सर, या वासानं माझा उपास मोडतोय." लतीफभाई म्हणाले, "बाई, तुमाला निदान साबुदाणा तरी हाय. मी काय करू?"

सरांना फार वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात त्यांनी तो थांबा गाळला आणि मंडळींना दुसऱ्या गल्लीने नेलं. अर्ध्या वाटेत दोघेही अडून बसले.

"तेलाची मिल कुठंय?" पाठकबाई.

"बिलकुल न्हाई चालणार सर," लतीफभाई म्हणाले. "महिनाभर वाट बघून राह्यलो मी!"

*

दुष्काळाच्या साली नदी पार आटली. पाठकबाई म्हणाल्या, "आता कसली नदीफेरी?" सर म्हणाले, "उलट आता तर नदीतूनच जाता येईल." आणि खरोखरच सगळ्यांना पात्रात उतरवलं.

टेंभुर्णीहून आलेले एक पालक होते. बराच वेळ इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "सर, नदी कुठंय?"

"तुम्ही उभे आहात तीच."

त्या भल्या माणसाने पटकन वहाणा काढल्या आणि हात जोडले. मग सगळ्यांनाच काढाव्या लागल्या. सर गहिवरून बोलायला लागले. या पाण्यावर कोण कोण जगलं, कुणी कापड रंगवलं, कुणी बॉयलर चालवला. मागून आवाज आला, "सर, वाळू तापली! जल्दी बोला!"

*

आणीबाणीच्या दिवसांत एका हवालदाराने आम्हाला पुलावर अडवलं. "छत्री वर करून कुठं निघालाय? मोर्चा हाय का?"

"नदी बघायला निघालोय," सर म्हणाले.

"नदीत काय बघायचंय?"

"या, दाखवतो."

नजर ठेवायला म्हणून हवालदार सोबत निघाले. रंगाऱ्यांच्या भट्ट्यांपाशी त्यांनी पहिला प्रश्न विचारला. तेलाच्या मिलपाशी सांगितल्याबरोबर डोळेही मिटले.

पुढच्या महिन्यात पुलावर पुन्हा तेच उभे! पण अंगावर साधा सदरा, शेजारी इरकली नेसलेल्या बाई. हवालदार लाजत म्हणाले, "आज ड्यूटी न्हाई सर. हिला दाखवायला आणलंय."

*

आता जिनिंग. हंगामात तिथे रविवारीही काम चालू असे. आत यंत्रांचा असा खडखडाट की शेजारचं माणूस ओरडलं तरी कळू नये. त्यामुळे तिथल्या बायका हातांनी बोलत. सगळं बोलत! सासू, बाजार, आजारपण. प्रत्येकाला हातांचं नावही होतं. चष्मा नाकावर घसरवला की मुनीमजी. मनगटाकडे बघितलं की शेठजी. मिटलेली मूठ वर नेऊन बोटं पसरली की छत्री, म्हणजे आमचे सर.

तंतूंनी मला खोकला येई, म्हणून मी कायम बाहेर लिंबाखाली थांबायची. आतलं सगळं मला सरांकडून कळायचं. अर्थात तिथे मला नाव नव्हतं.

सर हळूहळू ती भाषा शिकले आणि आतली माहिती हातांनीच सांगायला लागले. एकदा चष्म्यावर तंतू बसले म्हणून त्यांनी तो पुसायला नाकावरून खाली ओढला. झालं! ओळीतल्या सगळ्या बायकांच्या माना खाली, हात कापसात. सरांना वाटलं, आपल्या बोलण्याचा राग आला. ते बिचारे हात जोडून माफी मागत राहिले आणि कुणी वर बघेना! शेवटी सोनाबाई नावाच्या त्यांच्या मुकादमिणीने हळूच मागे वळून पाहिलं. मुनीमजी कुठेच नव्हते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, पुन्हा चष्म्याला हात लावसाल तर छत्री जप्त करीन!"

*

सर गेले ते पावसाळ्यात. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

फेरी थांबली. छत्री शाळेत होती. लतीफभाई एकदा म्हणाले, "बाई, सरांची छत्री इथंच राह्यली." मी म्हटलं, "राहू द्या." आठ दिवसांनी पुन्हा आले. "बाई, छत्री." मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. माझ्या वर्गाच्या खुंटीला अडकवून गेले.

दिवाळीनंतर पाठकबाई स्पष्टच बोलल्या. "तुम्ही निघालात तर फेरी आहे. न्हाई तर संपली. आमच्यापैकी कुणाला येणार आहे ते?"

"बाकी सगळं सांगेन मी," मी म्हटलं. "जिनिंगमधलं मला येत नाही."

"मंग जिनिंगपर्यंत तर चला."

*

त्या रविवारी पुलावर नेहमीइतकीच माणसं होती. हवालदार सहकुटुंब आले होते. मी छत्री हातात धरली, पण वर काही केली नाही. भट्ट्या झाल्या. तेलाच्या मिलपाशी सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. लिंबाखाली आल्यावर माझे पाय सवयीने थांबले. मागची सगळी माणसंही थांबली.

मी नाकातोंडावर पदर बांधला आणि आत गेले, मागून सगळे.

खडखडाट पायांतून वर चढत होता. सोनाबाईने मला पाहिलं, छत्री पाहिली. पावसाळाभर जिनिंग बंद होतं, तिला काहीच ठाऊक नव्हतं. मूठ वर नेऊन तिने बोटं पसरली आणि तळवा फिरवला. कुठंय?

मला ती भाषा येत नव्हती. मी मिटलेली छत्री दोन्ही तळव्यांवर आडवी धरली.

सोनाबाईने ओळीकडे वळून हातांनी सांगितलं. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला. यंत्रं चालूच होती, फक्त माना एकेक करून खाली जात गेल्या, पार टोकापर्यंत. टोकाला एक म्हातारी होती. तिने दोन्ही हात पसरून काहीतरी विचारलं. प्रश्न तसाच हातोहात सोनाबाईपर्यंत परत आला.

सोनाबाईने माझ्याकडे पाहिलं. मिटलेली मूठ माझ्या डोक्यावर आणली आणि बोटं पसरली.

शेजारणीने तसंच केलं. मग तिसरीने, चौथीने, पार त्या म्हातारीपर्यंत.

बाहेर आलो तेव्हा सगळ्यांचे केस पांढरे झाले होते. पाठकबाई खोकत खोकत म्हणाल्या, "अहो, काय म्हणाली हो ती?"

मी छत्री उघडली.

"चला, म्हणाली."