एकेचाळीस शाली आणि एक सायकल

महामायाच्या घरात एकेचाळीस शाली साठल्या होत्या आणि त्यातली एकही सायकलीला बसवता येत नव्हती.

आता एवढ्या शाली गवंड्याच्या घरात कशा आल्या, हे सांगायचं तर आधी पोरीचं सांगायला हवं. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूरचा घाट लागतो, त्याच्या पायथ्याशी तिचं गाव. बाप इंद्रभान गवंडीकाम करतो. आई चांगुणा दुसऱ्याच्या वावरात निंदायला, वेचायला जाते आणि बाजाराच्या दिवशी मोताळ्यात भाजीचं दुकान मांडते. महामाया आठवीत होती तेव्हा इंद्रभानचं काम घाटावरच्या एका शाळेच्या इमारतीवर होतं. त्याला डबा पोचवायचं काम पोरीकडे आलं. सडकेनं ट्रकांची भीती, म्हणून ती जंगलातल्या मुरमाच्या पायवाटेनं जायची, बापाचीच जुनी काळी सायकल घेऊन. पहिले काही महिने सायकल ढकलत नेली, मग हळूहळू चालवत. डब्यातलं वरण सांडलं की इंद्रभान बोलायचा. त्या बोलण्याच्या धाकानं पोरगी हँडल कसं धरायचं ते शिकली. आजही दगडाधोंड्यांवरून उतरताना तिचे खांदे हलत नाहीत, ते त्या वरणामुळे.

पुढे बुलढाण्याच्या कॉलेजात नागसेन सरांनी तिला हेरलं. हे तिथले खेळाचे सर. त्यांनी कोणाची तरी जुनी गिअरची सायकल मिळवली, तिला स्वतः तेलपाणी केलं आणि पोरीच्या हातात दिली. जिल्हा झाला, राज्य झालं, देश झाला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पत्र आलं की किर्गिझस्तानात होणाऱ्या डोंगरी सायकलींच्या आशियाई स्पर्धेसाठी भारताच्या संघात तुझी निवड झाली आहे. पत्राच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की निम्मा खर्च खेळाडूनं करायचा, आणि ठरल्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर यादीतल्या पुढच्या मुलीचं नाव लागेल. म्हणजे दीड लाख रुपये. इंद्रभाननं ते पत्र तीनदा वाचलं आणि घडी करून बुद्धाच्या फोटोमागे ठेवलं.

आणि मग सुरू झाले सत्कार.

सत्कार करण्यात आमच्या मुलखाचा हात कोणी धरणार नाही. पोरगी अजून विमानात बसायची होती, तोवर चौकात फ्लेक्स लागला, ‘घाटाची वाघीण’. त्यावर महामायाचा फोटो बोटभर आणि शुभेच्छुकांचे फोटो हातभर. आज ग्रामपंचायत, उद्या पतसंस्था, परवा कोणत्या तरी मित्रमंडळाचा वर्धापनदिन. बरं, ‘साहेब, प्रॅक्टिस बुडते हो’ म्हणावं तर माणसं रागावतात. शाल अंगावर पडायची, नारळ हातात यायचा, फोटो निघायचा. नारळांचं तर विचारू नका. चटणीत नारळ, भाजीत नारळ, शेवटी इंद्रभान ताट सरकवून म्हणाला, “आता जर का नारळ दिसला ना, तर मी साइटवरच जेवत जाईन!”

पण सत्काराची खरी गंमत माइकवर असते. समोर गर्दी दिसली की माणसाच्या जिभेला चाकं फुटतात. “मी माझ्यातर्फे पाच हजार जाहीर करतो!” टाळ्या. “माझे अकरा!” पुन्हा टाळ्या. खामगावात कापसाची जिनिंग असलेले, मोताळ्याकडे चाळीस एकर बागायत असलेले उकंडराव उठले आणि त्यांनी तर एकवीस हजार सांगितले. त्या रात्री मायलेकींनी बोटांवर हिशेब केला, तर दीड लाखाच्या वर जाऊन पैसे उरत होते. चांगुणा म्हणाली, “उरले तं तुले एक चांगलं जाकीट घेऊ.”

आले किती? शालीच आल्या. महामाया उकंडरावांच्या दारात तीनदा गेली. एकदा साहेब झोपलेले, एकदा खामगावला गेलेले, तिसऱ्यांदा घरातच होते पण कामात. चौथ्यांदा जायला तिचं मन झालं नाही. कोणी म्हणेल हट्टानं मागावं, पण त्यांच्याच गोडाऊनच्या भिंतीवर बापाचं काम चालू होतं. नागसेन सरांनी, कॉलेजच्या पोरांनी, चार नात्यातल्या माणसांनी मिळून नव्वद हजार उभे केले. बाकीचे साठ कुठून आणायचे ते कोणालाच सुचेना.

सर म्हणाले, “बाजारात उभी राहा. डबा ठेव, क्यूआर कोड लाव.” ती उभी राहिली. माणसं थांबायची, फलक वाचायची, “शाब्बास पोरी, नाव काढजो” म्हणायची आणि पुढे जायची. दिवसभर उभं राहून डब्यात सहाशे दहा रुपये पडले. घरी आल्यावर पोरगी तोंड फिरवून बसली. “मले नाही जमत भीक मांगायले. जाऊ दे ती दुसरी पोरगी.”

चांगुणा बाजूला पालकाच्या जुड्या बांधत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, “येडी आहेस. लोकायले द्याचं नाही असं नाही. ज्याच्या खिशात वीस रुपये हायेत त्याले डब्यात वीस टाकाची शरम वाटते. तठी फलकावर दीड लाख लिहेल. बाजारात माणूस दान कराले येत नाही वं, विकत घ्याले येते. त्याच्या हातात काही तरी ठेवा लागते.”

“काय ठेवू? पालक?”

चांगुणानं कोपऱ्यातल्या शालींच्या पेटीकडे पाहिलं. आणि मग मायलेकी दोघी हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या.

आता इथे इंद्रभानची एक सवय सांगितली पाहिजे, कारण सगळं महाभारत तिच्यावरून झालं. आपल्याकडे अहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. उद्या त्याच्या घरी कार्य निघालं तर आपल्याला तोलामोलाचा अहेर परत करता यावा, म्हणून. इंद्रभान या बाबतीत फार काटेकोर माणूस. शाल घरी आली की तो चष्मा लावून बसायचा आणि तिच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या पट्टीवर काळ्या मार्करनं ठसठशीत नाव लिहायचा. एकेचाळीस शालींवर एकेचाळीस नावं. उद्या सरपंचाच्या रवीच्या पोराचं बारसं निघालं तर? पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या घरी लग्न निघालं तर? कोणाचं काही राहायला नको!

पुढचा बाजार आला तो मुदतीच्या आदल्या दिवशी. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, सकाळी दात वाजत होते. चांगुणानं भाजीशेजारी पोतं अंथरलं, शालींच्या घड्या घातल्या आणि ओरडली, “सत्काराच्या शाली हो! किमतीचं बंधन नाही, आपल्या मनानं द्या!”

पहिली आली रुखमाबाई. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचलेली, सत्तरीची म्हातारी. तिनं पन्नासाची नोट काढली, मऊ झालेली. महामाया शाल पिशवीत घालायला लागली तर म्हातारी म्हणाली, “पिशवीत नको. तुह्या अंगावर टाकली तशी माह्या अंगावर टाक. माहा कोणी सत्कार नाही केला आजवर.”

महामायानं उभं राहून दोन्ही हातांनी शाल तिच्या खांद्यांवर घातली. आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडत होती. मग काय विचारता! “माह्या अंगावर बी टाक वं बाई.” “मलेबी एक.” कोणी शंभर दिले, कोणी तीस, आणि ज्या बाया फलकापुढून मान खाली घालून गेल्या होत्या त्याच आता रांगेत उभ्या राहिल्या.

शेजारी कडूबा मिरच्या विकत होता. त्यानं रुखमाबाईच्या खांद्यावरची पट्टी पाहिली आणि मोठ्यानं वाचली, “रवी भगवान... अबे, हा तं सरपंचाचा पोरगा! यानं पाच हजार जाहीर केलते नं? भेटले का पोरी?”

महामायाला खोटं बोलता येत नाही. “नाही.”

“अन् हे? अध्यक्ष, पतसंस्था. अकरा?”

“नाही.”

पुढच्या पाच मिनिटांत अर्धा बाजार शालींच्या पट्ट्या वाचायला लागला. चांगुणाच्या आता लक्षात आलं की घड्या घालताना तिनं पट्ट्या नेमक्या वरच्या अंगाला ठेवल्या होत्या. चूक झाली होती खरी. तिनं एक घडी हातात घेतली, उलटी करावी म्हणून. मग थोडा विचार केला आणि होती तशीच खाली ठेवली.

बातमीला पाय नसतात म्हणतात, पण मोताळ्यात ती मोटारसायकलवरून फिरते. पाऊण तासात रवी धापा टाकत आला, कोणाकडे न बघता मोबाईल काढून स्कॅन करून गेला. महामायाच्या फोनवर टुंग झालं. पतसंस्थेचे अध्यक्ष स्वतः आले नाहीत, शिपायाच्या हाती पाकीट पाठवलं, वर “आमची शाल तेवढी बाजूला ठेवा” असा निरोप. कडूबाच्या मिरच्या तशाच पडून होत्या, तो आता निवेदक झाला होता.

तेवढ्यात इंद्रभान पोचला. काम अर्ध्यावर टाकून, हाताला सिमेंट तसंच. “चांगुणा, काय करून ठेवलं हे! माणसायनं मानानं देल्लेल्या शाली बाजारात मांडल्या? उद्यापासून मले काम कोण देईन?”

“नावं तुम्हीच लिहेल हायेत,” चांगुणा म्हणाली.

आणि नेमकी त्याच वेळी उकंडरावांची पांढरी गाडी बाजाराच्या तोंडाशी थांबली. माणसं बाजूला झाली. महामायाला स्पर्धेचं काही वाटत नव्हतं आता, वाटत होतं ते बापाचं. आपल्यापायी बापाची रोजी जाते की काय, एवढंच.

उकंडराव काठी टेकत आले. “माही शाल कोणती?”

इंद्रभाननं हात जोडले. “भाऊसाहेब, चुकी झाली. बायकोले समजलं नाही...”

“शाल कोणती, म्हणलं.”

चांगुणानं लालजर्द, जरीकाठाची शाल पुढे केली. पट्टीवर उकंडरावांचं नाव होतं, पुढे ‘साहेब’ सुद्धा लिहिलेलं.

“केवढ्याले?”

“आपल्या मनानं,” चांगुणा म्हणाली.

म्हाताऱ्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “मी किती म्हणलं होतं बे त्या दिवशी?”

सगळे भाज्या चाचपायला लागले. कडूबासुद्धा मिरच्या निवडायला लागला. शेवटी महामायाच म्हणाली, “एकवीस हजार, भाऊसाहेब.”

“हाव. एकवीस.” त्यांनी मोबाईल ड्रायव्हरकडे दिला. “टाक.” मग पोरीकडे वळले. “माइक हातात आला की मले भान राहत नाही, ही माही जुनी खोड आहे. खाली उतरलो अन् विसरलो. तू तीनदा दारात आली, तेव्हा तरी उठाले पाह्यजे होतं. तठी चुकलं माहं.” आणि इंद्रभानकडे बघून ओरडले, “तू इथी काय करून राह्यला? तिकडं कालवलेला माल वाळून जाईन! चाल, बस गाडीत.”

फोन टुंग वाजला. शाल परत करायला महामाया पुढे झाली तर म्हातारा हात झटकत म्हणाला, “देल्लेली वस्तू मी वापस घेत नसतो. तिकडं थंडी असते म्हणते. पांघरजो.”

अंधार पडेपर्यंत पट्ट्यांवरची बाकीची नावंही एकेक करून पैसे टाकून गेली आणि साठ हजार पुरे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला नागसेन सरांचा फोन आला. पैसे पोचले, नाव पक्कं झालं. मुदत पाचची होती. महामायानं फोन कानाला लावूनच “आई!” म्हणून हाक मारली. चांगुणा चुलीपुढून उठून आली, पोरीचं तोंड पाहिलं आणि तिला जवळ घेतलं. गेले दोन महिने छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून नेला होता. दोघींनी भरपूर रडून घेतलं. संध्याकाळी इंद्रभान आला, त्यानं बुद्धाच्या फोटोमागचं पत्र काढलं, पुसलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. मग म्हणाला, “नारळ आहे का एखादा? चटणी कर.”

एप्रिलमध्ये पोरगी त्या लांबच्या डोंगरात शर्यतीच्या रेषेवर उभी होती. बर्फाचं वारं सुटलं होतं. बाकीच्या मुली जाडजूड जाकिटांत आणि ही लालजर्द जरीच्या शालीत. शेजारच्या मुलीच्या जाकिटावर चार कंपन्यांची नावं होती. तिनं शालीच्या पट्टीवरचं काळं अक्षर बघितलं आणि खुणेनं विचारलं, हे काय लिहिलंय?

“स्पॉन्सर,” महामाया म्हणाली. त्या मुलीनं मान डोलावली, अगदी आदरानं.

सव्वीस जणींत ती अकरावी आली. उतारावर तिघींना मागे टाकलं, खांदे जराही न हलवता. रात्री व्हिडिओ कॉलवर चांगुणानं आधी जेवण विचारलं, मग शाल सांभाळली का ते विचारलं, आणि मग म्हणाली, “सत्कार ठेवला आहे वं तुहा. आल्या आल्या.”

“आई, नको नं आता!”

“अवं, घाबरू नको. तुह्या बाबानं नवा मार्कर आणून ठेवला आहे.”