पाळकीणबाईंची खुर्ची

बोईसरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने कीबोर्ड वाजवणाऱ्या माणसासाठी वर्षभर प्रार्थना केली आणि प्रभूने भाविकाबाई पाठवल्या, असं जुनी माणसं सांगतात. खरं काय झालं ते भाविकाबाई स्वतः सांगतात, तेही भांडी घासताना, नळ मोठा सोडून. पाळक सुजीत त्यांना बघायला पालघरला गेले तेव्हा बरोबर मंडळीतले एक वडीलधारे होते. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, मुलीला वाजवता येतं का? भाविकाबाईंची आई म्हणाली, हो तर. शाळेच्या गॅदरिंगला मुलीने एक गाणं वाजवलं होतं, म्हणजे आई खोटं बोलली नव्हती. फक्त, ते एकच गाणं येतं का, असं कुणी विचारलं नाही.

लग्न झालं आणि पुढच्या रविवारपासून भाविकाबाई कीबोर्डवर. त्या यंत्रात ठेका आपोआप वाजवणारं एक बटण आहे. ते दाबायचं, उजव्या हाताने गाण्याच्या आसपास कुठेतरी फिरत राहायचं आणि मंडळी मोठ्याने गाईल यावर विश्वास ठेवायचा. पाळकीणबाईंचं विश्वासाचं जीवन असं सुरू झालं.

कीबोर्डच्या मागून संडे स्कूल आलं. मग उपासनेनंतरचा चहा, महिलांची सभा, पडदे धुणं. कुठलीही जागा रिकामी झाली की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळायच्या. एका नाताळच्या नाटकात दोघी-तिघी आजारी पडल्या, तेव्हा भाविकाबाई स्वतः मरिया होत्या आणि दाढी लावून स्वतःच्याच बाळाला भेट घेऊन आलेला मागी राजाही. पाळकाबरोबर पाळकीण येते, तिचं वेगळं काही ठरवायचं नसतं, असा आमचा सगळ्यांचा साधा समज होता.

त्यांना कुणी काही करायला सांगत नव्हतं अशी जागा एकच, दांडी गावातलं आनंदीबाईंचं अंगण. आनंदीबाई बोईसरच्या बाजारात मासळी विकतात. घरात मंडळीत येणाऱ्या त्या एकट्याच, बाकीचं घर आपल्या देवांना धरून आहे आणि त्यावरून भांडणही नाही. त्यांचे यजमान बळवंत यांचं पाळकांशी वैर नव्हतं, पण पाळकांच्या प्रार्थनेची लांबी त्यांना सोसत नसे. पाळकांच्या स्कूटरचा आवाज आला की ते मागल्या दाराने किनाऱ्यावर निघून जात.

मग बळवंतरावांची नजर गेली. अगदी अंधार नाही, पण होडी घेऊन दर्यावर जाण्याइतकी राहिली नाही. ते ओट्यावर खाट टाकून भिंतीकडे तोंड करून पडले आणि बोलायचे बंद झाले. बायकोशी नाही, मुलाशी नाही. सुजीत दोनदा जाऊन मनापासून प्रार्थना करून आले. आता पळून जाता येत नाही म्हणून बळवंतराव घोरत राहिले.

त्यानंतर भाविकाबाई गेल्या. बायबलमधलं कोणतं वचन वाचायचं, हे सुजीतनी सांगून पाठवलं होतं. अंगणात आनंदीबाई बोंबील वाळत घालत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी आडव्या बांबूवर टाकायची. भाविकाबाईंनी पर्स खाली ठेवली आणि त्याही घालू लागल्या. बोटांना दात टोचत होते म्हणून त्या शेपटीकडून धरत होत्या आणि टाकलेली प्रत्येक जोडी सुटून खाली पडत होती. धप्प. पुन्हा धप्प. बळवंतरावांना धड दिसत नव्हतं, पण ऐकू छान येत होतं. बराच वेळ त्यांनी सोसलं.

"जबड्यात जबडा घाल गो," भिंतीकडून आवाज आला. "शेपटीला काय धरतेस?"

आनंदीबाईंच्या हातातली जोडी हातातच राहिली. बळवंतराव उठून बसले, चाचपडत अंगणात आले आणि नुसत्या हातांनी जोडी लावून दाखवली. "ही जोडी हाय. एकाला टांगला का दुसरा टांगलाच." मग ते जे बोलायला लागले ते संध्याकाळपर्यंत. मुख्यतः भाविकाबाईंना कसं काहीच येत नाही यावर.

घरी येऊन भाविकाबाईंनी सुजीतला सांगितलं की वचन वाचायचं राहून गेलं. सुजीत म्हणाले, असू दे, पुढच्या वेळी आठवणीने वाच. पण त्या दर आठवड्याला जाऊ लागल्या, आणि दर आठवड्याला विसरू लागल्या.

गेल्या थंडीत सुजीत पालघरच्या एका शिबिराला जाऊन आले ते कृपादानांचा विषय डोक्यात घेऊनच. प्रत्येकाला देवाने काहीतरी दिलेलं असतं, ते ओळखायचं आणि त्या जागी त्याने सेवा करायची. आपलं आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं, म्हणून सुजीतनी एक पद्धत काढली. प्रवचनानंतर पुढे एक घडीची खुर्ची मांडायची. त्यावर एकाने बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यात काय दिसतं ते सांगायचं. बसलेल्याने बोलायचं नाही आणि उठायचं नाही.

पहिले बसले कैलास. ते तारापूरच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहेत आणि आपण उपदेशक व्हावं असं त्यांच्या फार मनात होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, डायरी मांडीवर घेऊन बसले. मग आनंदीबाई म्हणाल्या, की ह्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो, तर ह्यांनी रस्त्यावरच उभं राहावं. आमची उपासना वरच्या मजल्यावर भरते; खाली रंगाचं दुकान आहे, त्याच्यासमोर आमच्या मोटारसायकली आडव्यातिडव्या लागायच्या आणि दुकानदार दर रविवारी जिन्यात येऊन बोलून जायचा. कैलास आठवडाभर रुसले. पुढच्या रविवारी शिट्टी घेऊन खाली उभे राहिले, गाड्या ओळीत लावल्या, आणि उपासना संपायच्या आत दुकानदाराने वर बिस्किटं पाठवली.

त्यानंतर सगळ्यांनाच त्या खुर्चीची ओढ लागली. भाविकाबाईंना सगळ्यात जास्त. दर शनिवारी त्या विचारायच्या, उद्या कोण? सुजीत दुसऱ्याच कुणाचं नाव सांगायचे. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, माझं कधी?

"अगं, तुझं काय बघायचं?" सुजीत म्हणाले. "तू तर सगळंच करतेस."

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं. भाविकाबाईंनी त्या दिवशी डाळीला दोनदा मीठ घातलं.

खुर्चीच्या शेवटच्या रविवारी त्या आपली जांभळी साडी नेसून आल्या. शेवटची माणसं खुर्चीवर बसून उठली. सुजीतनी देवाचे आभार मानले, सगळ्या मंडळीला आपापली जागा मिळाली असं सांगितलं, खुर्ची मिटली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग समारोपाचं गीत सुरू करायला भाविकाबाईंकडे बघून मान हलवली.

भाविकाबाईंनी बटण दाबलं. शांत, संथ गीत होतं ते. पण त्या दिवशी त्यांचं बोट कुठल्या बटणावर पडलं कोण जाणे, गणपतीच्या मिरवणुकीला शोभेल असा ठेका सुरू झाला. आम्ही बिचकत गाऊ लागलो. दुसऱ्या कडव्याला भाविकाबाईंनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. ठेका चालूच राहिला. आजवर त्या संगीतात यंत्राचं किती आणि पाळकीणबाईंचं किती, ते सगळ्यांना एका क्षणात कळलं. त्या उठल्या, भिंतीशी गेल्या, खुर्ची उघडून मधोमध मांडली आणि तिच्यावर बसल्या.

"भाविका, हे काय?" सुजीतनी विचारलं.

"अहो, माझी राहिली."

एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं. नियम होता.

मागे ठेका जोरात. तो बंद कसा करायचा हे फक्त भाविकाबाईंना माहीत, आणि त्यांना बोलता येत नव्हतं, उठताही येत नव्हतं. सुजीत घाईने कीबोर्डपाशी गेले आणि एकेक बटण दाबू लागले. ठेका बदलत गेला, थांबला नाही.

त्या आवाजावर आवाज चढवून आम्ही बोलायला सुरुवात केली. पाळकीणबाई सगळंच छान करतात, असं कुणीतरी म्हणालं. दुसरं म्हणालं, हो, सगळंच. भाविकाबाईंचा चेहरा उतरत चालला. हेच तर त्या लग्नापासून ऐकत होत्या.

आनंदीबाई उठल्या. बाजारात ओरडायची सवय, त्यांना ठेक्याची अडचण नव्हती.

"चहा पाणचट करते," त्या म्हणाल्या. "पेटी वाजवता येत नाय. माज्या नातवाला संडे स्कूलात नोहाचीच गोष्ट सांगते दर वेळी, त्याला आता बोटीचा कंटाळा आला."

सुजीतनी चमकून मागे पाहिलं. भाविकाबाई मात्र सरसावून बसल्या. पहिल्यांदाच कुणीतरी नीट बघून बोलत होतं.

"आमचा म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडलेला," आनंदीबाई पुढे म्हणाल्या. "डॉक्टर आले, पाळकसाहेब आले, त्याचे भाऊ आले. सगळे त्याला सांगायला आले. ही पोर आली नि बोंबील पाडत बसली. तिचं चुकतंय ते त्याला सोसवंना, म्हणून बोलला. आता मंगळवार आला का सकाळपासून विचारतो, ती नाय का येणार चुकायला." त्या जरा थांबल्या. "हिला माणसांच्या घरी पाठवा. बाकी काय देऊ नका करायला."

मग पाम गावच्या एक बाई मागून म्हणाल्या, की सून माहेरी जाऊन बसली होती तेव्हा पाळकीणबाई आमच्याकडे वांगी तोडायला आल्या होत्या, निम्मी कोवळीच तोडली. दुसऱ्या कुणाला तरी मुरबे गावातली गोष्ट आठवली. जिने तिने आपापलं नुकसान सांगितलं. प्रत्येक नुकसानाच्या शेवटी घरातलं कुणीतरी बोलायला लागलं होतं, हसायला लागलं होतं किंवा परत आलं होतं. भाविकाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. खांदे हलत होते, पण हसू होतं की रडू, ते आम्हाला कळत नव्हतं.

सुजीतच्या हाताला शेवटी योग्य बटण लागलं. एकदम शांतता झाली. ते कपाळ पुसत बायकोकडे बघत राहिले.

"ठीक आहे," ते हळूच म्हणाले. "पुढच्या आठवड्यापासून स्कूटर तुझी. पण मग कीबोर्ड कोण वाजवणार?"

"तुमी उभेच हायत तिथं," आनंदीबाई म्हणाल्या.

"मला नाही येत."

"तिला तरी कुठं येत होतं? जोडी हाय ना तुमची? एकाला टांगला का दुसरा टांगलाच."

त्या दिवशी समारोपाचं गीत सुजीतनी एका बोटाने वाजवलं. आम्ही त्यांच्या बोटाची वाट बघत बघत गायलो. भाविकाबाईंना उठायला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या खुर्चीवरच बसून राहिल्या आणि आमच्याबरोबर गायल्या. त्यांचा गळा बरा आहे हे तेव्हा समजलं, पण आता गाणंही त्यांच्याच गळ्यात घालायला कुणी मान वळवली नाही. शिकलो होतो तेवढं.

आता चहा आम्ही पाळीपाळीने करतो आणि तो पूर्वीइतकाच पाणचट होतो. भाविकाबाई स्कूटरवरून दांडी, पाम, मुरबे करत असतात. बोंबील अजून पडतात, बळवंतराव अजून ओरडतात. घरी रात्री जेवणं झाली की सुजीत कीबोर्ड उघडून सरावाला बसतात. भाविकाबाई तेवढा वेळ भांडी घासतात, नळ मोठा सोडून.