शालिग्राम हाडवैद्याची वाटी

धनजचा शालिग्राम हाडवैद्य पैसा घेत नसे, पण त्याचा हट्ट पैशापेक्षा भारी होता. हाड बसवून बांबूच्या कामट्या बांधल्या की घरच्यांना म्हणायचा, "आता याले माह्यासमोर वाटीभर दूध पाजा." रोज येऊन बघायचा. दूध नसेल तर ताक, तीळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी. कुणाकडे काहीच नसलं तर आपल्या गाईचं दूध तांब्यातून घेऊन जायचा. या सगळ्यात कॅल्शियम असतं, त्यानंच हाड घट्ट होतं, असं कारंज्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. तो शब्द त्याला इतका आवडला की वर्षभर साऱ्या गावाला ऐकवला, तोही निम्मा चुकीचा.

छप्पन्न सालच्या पोळ्याला त्याची बायको मनकर्णाबाई कळशी घेऊन उंबऱ्यात नुसती अडखळली आणि तिचं मनगट मोडलं. शालिग्रामनं ते जपून बसवलं. "दीड महिन्यात भाकरी थापशीन," म्हणाला. दोन महिने झाले तरी पीठ मळताना बाई कळवळायची. गावाची हाडं सांधणारा माणूस घाबरला आणि तिला गाडीत घालून कारंज्याला घेऊन गेला.

"या दूध किती घेतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी गाय हाय जी!" शालिग्राम तोऱ्यात म्हणाला.

मनकर्णाबाई हसली. "गाय हाय. दूध तुमच्या रोग्यायले जाते. उरलं तं तुमाले, पोरायले. मी सगळ्याईच्या मांगून जेवतो. मले वाटी धुवाचीच राह्यते."

"पाच बाळंतपणं झाली," डॉक्टर म्हणाले. "अन्नातून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं."

परतताना शालिग्रामला स्वतःची फार लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं चुलीपाशी वाटी ठेवली.

"तुमी आंधी जेवा," ती म्हणाली.

"रोग्यानं पेल्ल्याबिगर मी उठत नसतो. साऱ्या गावाले मालूम हाय."

नवऱ्याआधी कधी घास न घेतलेली ती बाई भिंतीकडे तोंड करून दूध प्याली. मग हे रोजचंच झालं.

संक्रांतीला तिनं पहिली भाकरी थापली. एका बाजूनं जाड, पण स्वतःच्या दोन हातांनी. ताट वाढून ती कौतुकानं बघत बसली. शालिग्राम भाकरीला हात लावेना.

"काहून? जमली नाई का?"

"जमली," तो म्हणाला. "तुही वाटी कुठी हाय?"