घंटागाडीची वीट

आमच्या गल्लीच्या उतारावर कचऱ्याची घंटागाडी थांबली, की गाडीवरच्या सुनंदाताई आधी खाली उतरतात आणि मागच्या चाकाखाली वीट सरकवतात. मगच बादल्यांना हात लावतात.

"ब्रेक नाही का गाडीला?" मी एकदा विचारलं.

"आहे की. पण विटेवर भरवसा जास्त."

तेव्हापासून मनात पाल चुकचुकते. गाडी म्हातारी झाली, हे पालिकेत ठरवतं कोण? साहेबांची पांढरी गाडी परवा भंगारात निघाली. तिच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. हिचं दार सुतळीनं बांधलंय, तरी म्हणे ही चालते. चालते, हे मलाही दिसतं. थांबते का, हे कुणी विचारत नाही. उताराच्या तळाशी तर बालवाडी आहे.

गेल्या आठवड्यात चौकात फलक लागला, 'जुनी वाहने लवकरच बदलणार'. म्हणून आज मुद्दाम बादली घेऊन खाली उभा राहिलो. गाडी खोकतच आली. दाराला तीच सुतळी.

"काय हो ताई, बदललं का काही?"

"बदललं ना," म्हणत सुनंदाताईंनी चाकाखाली कोरी लालभडक वीट सरकवली. "जुनीचा परवा भुगा झाला."