नागाचा डूख

चिमणाबाईच्या डाव्या पोटरीवर जाड निळ्या शिरा घोट्यापर्यंत वळत उतरल्या होत्या. निफाडकडच्या तिच्या गावानं डॉक्टरशिवायच निदान केलं होतं: नागानं डूख धरला!

कारणही तसंच होतं. त्र्याण्णव साली उसाच्या बांधावर तिचा सोमा झोळीत निजला होता. झोळीखाली नाग दिसला, तिनं कोयत्यानं मारला. कुठलीही आई हेच करील. पण पुढच्या पावसाळ्यात सोमा तापानं गेला, आणि मग या शिरा वर आल्या. बोलणाऱ्याचं तोंड कोणी धरावं?

सासू धोंडाबाईनं त्र्यंबकला नागबळी करवला. चिमणाबाई मात्र पोराला आपणच खाल्लं, असं मानून बसली. द्राक्षं पेट्यांत भरायच्या शेडवर दिवसभर उभी राहायची. पाय ठणकला की म्हणायची, "फेडतेय."

दोन हजार चार साली घोट्याजवळची जखम भरेना, तेव्हा धोंडाबाईनंच तिला नाशिकच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला उभं करून पाय पाहिला.

"शिरा व्हेरिकोज आहेत. म्हणजे फुगून वेड्यावाकड्या झालेल्या. आतल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली साचतं. उभ्यानं काम करणाऱ्यांना होतं हे, कंडक्टरला, मास्तरला."

"म्हंजी मी व्हेरिकोज झाले?"

"तुम्ही नाही हो, शिरा. हा शब्द शिरांना लावतात, माणसाला नाही."

"अन् नाग?"

मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नागाचा काही संबंध नाही. बाळाला ताप आला तेव्हा दवाखान्यात नेलं होतं?"

नव्हतं नेलं. दवाखान्यात न्या म्हणून चिमणाबाई पाया पडत होती, पण धोंडाबाईनं अंगारा लावून पोराला वारुळापाशी निजवलं होतं. आता म्हातारीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

चिमणाबाईच्या छातीत इतक्या वर्षांचा राग उसळला. एक शब्द बोलली असती, तर म्हातारी तिथंच कोसळली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी, डॉक्टरीणबाईंनी दिलेली पट्टी पायाला बांधायची होती. धोंडाबाई खाली बसली, सुनेचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यापासून वर पट्टी गुंडाळू लागली.

"लय घट्ट झाली का गं?"

"नाय, आत्याबाई. आवळा अजून," चिमणाबाई म्हणाली, आणि सासूच्या डोक्यावर हात ठेवून सोमासाठी रडली.