सिद्धगडाची मागची बाजू

भाताच्या पेंढ्याचं खाचर, दोन फूट बाय दीड. गोणपाटावर जुन्या खाकी गणवेशाचे तुकडे जोडून केलेला उंबरमाळीचा डोंगर. जळक्या मोटरमधून काढलेल्या तांब्याच्या तारेचा पळस, बहात्तर पाकळ्या, एकीसारखी दुसरी नाही. अशी पेंढा-कापड-दोरा-तारेची अकरा चित्रं. त्यातलं सगळ्यात मोठं 'सिद्धगड', तीन बाय दोन, अकरा महिन्यांचं काम, इंचाला आठ टाके... सात नाहीत, नऊ नाहीत. सगळं या दोन हातांनी, एकही क्लास न लावता.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी... माझं शहापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, घर सापगावला. चार वर्षांपूर्वी हा नाद लागला. तेव्हापासून 'वा, छान' म्हणणारे शेकड्याने भेटले. विकत घेणारा एकही नाही.

परवाच्या रविवारी मुरबाडला एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन होतं. सकाळी साडेआठला जाऊन मी टेबल लावलं. स्पिरिट लेव्हल लावून फ्रेमा सरळ केल्या. आज एक तरी जाणारच, अशी मनाशी खूणगाठ.

शेजारच्या टेबलावर हिरामावशी. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची, साठीची बाई. बचत गटाने आणलेली. तिच्याकडे चार गोधड्या, त्याही दोरीवर वाळत टाकल्यासारख्या... ना फ्रेम, ना नाव, ना लाइट.

आणि सगळी गर्दी तिच्याकडे! लोक गोधडी गालाला लावून बघत होते, फोटो काढत होते. त्या फोटोंत मागे माझा पळस अर्धा येत होता. खोटं कशाला बोलू, आतून नुसता जळत होतो.

अकरा वाजेपर्यंत तिच्या दोन गेल्या. मग मला राहवेना. खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढली आणि सरळ तिच्या गोधडीला लावली. एका ओळीत इंचाला पाच टाके, खालच्या ओळीत सात, त्याखाली सहा. मी ते तिला सांगितलंसुद्धा. जरा मोठ्यानेच, बाकीच्यांना ऐकू जाईल असं.

"मंग काय झाला? थंडी काय पट्टी घेऊन येते का रे?"

सगळे हसले. मी पट्टी खिशात घातली.

थोड्या वेळाने ती माझ्या टेबलाशी आली. हात मागे बांधून एकेक चित्र बघितलं. सिद्धगडापाशी बराच वेळ थांबली. मला वाटलं, आता पडली गार...

"गड बराबर काढलास. आमच्या पाड्यावरनं असाच दिसतो," ती म्हणाली. मग फ्रेम टिचकीने वाजवली. "पाठी कसा हाय, दाखव."

मागे हार्डबोर्ड होता, चार क्लिपांनी बसवलेला. मी म्हटलं, मावशी, मागे बघायचं नसतं. ती म्हणाली, "कोन बोलला?" लोक जमले होते. मघाशी पट्टी मीच काढली होती, आता माघार कशी घेणार? क्लिपा फिरवल्या.

मागे काय होतं ते लिहायला लाज वाटते. गाठींचे झुपके, लोंबते दोरे, फेविकॉलचे पिवळे ओघळ, दोन ठिकाणी चक्क इन्सुलेशन टेप.

"अगो बया! पुढनं नवरदेव आन् पाठी ह्यो उकिरडा?" मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असं बोलली, "गोधडीला पाठ नसते रे दादा. अंगावर कुठली पन बाजू येते. गाठ आतच मारायची, दोन कापडांच्या मधी. कुनाला दिसली नाय पायजे, टोचली नाय पायजे."

मघाशी पट्टी लावलेली तिची गोधडी मी उलटून बघितली. मग पुन्हा सुलटून. कुठली बाजू वरची, ते चार वर्षं सुई धरलेल्या माझ्यासारख्याला सांगता येईना! टाके पाच, सात, सहाच होते... पण गाठ एकही नाही.

माझ्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. मोटरच्या आत कोण बघतं? एकदा झाकण बसलं की संपलं. तरी वीस वर्षांत मी आत कधी गुंता ठेवला नाही, तारेचा एकही वेढा कमी घातला नाही. मग कापडालाच का फसवलं?

ती गोधडी मीच घेतली. भाव न करता. मोठं मन म्हणून नव्हे... ती दुसऱ्या कुणाच्या हातात बघवली नसती, म्हणून. शिवाय एक कोपरा उसवून गाठ कुठे लपवते ते बघायचं होतं. घरी येताच बायकोने ती अंगावर ओढून घेतली. "हात लावून बघा नुसता," म्हणाली.

पण त्याआधी, चार वाजता, मुरबाडजवळ नवीन रिसॉर्ट काढणारे एक गृहस्थ आले. सिद्धगडासमोर उभे राहिले, पुढे गेले, परत आले. रिसेप्शनला काचेचं पार्टिशन आहे, त्यात लावायचंय, म्हणाले. दोन्हीकडून दिसेल असं. मागे गुंता आहे म्हटल्यावर हसले, "एखादं कापड चिकटवून द्या की, कोण बघतंय?"

हिरामावशी शेजारी पिशवी आवरत होती. तिने मान वर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, निदान तिच्यामुळे नाही म्हणालो असं सांगता आलं असतं.

सोमवारपासून सिद्धगड उसवायला घेतलाय. पायथ्यापासून. आता दोन्ही बाजूंनी गड दिसला पाहिजे... आणि टाके आठच. ते मी सोडणार नाही, मावशी काहीही म्हणो.

चार वर्षांतली पहिली ऑफर होती. रोख, जागेवर, बावीस हजार रुपये. मी नाही म्हणालो.