अंगदचा लंबक

सरांनी अंगदचं जर्नल सही न करताच परत केलं. उद्या फिजिक्सचं प्रॅक्टिकल. सही नसली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८० यायला पायजे. तुझा ९.९० आलाय. नीट करून आण," एवढं बोलून सर स्टाफरूमकडे गेले.

प्रयोगशाळेच्या दारात जीवन गाडीची किल्ली फिरवत उभा होता. मराठीत बी. ए. झालेला, अंगदचा दोस्त. अंगदला पालीला घरी न्यायला तो बीडला आला होता.

"एका आकड्यासाठी कामून अडतो बे? सगळ्यांनी ९.८० लिहिलंय. खोडून टाक."

"अन् कॉम्प्युटरमधलं काय करू?"

अंगदनं लंबक सोडला. खाली बारीक प्रकाशकिरण होता. गोळा त्यातून गेला की पडद्यावर झोक्याची वेळ उमटे. १.९९७ सेकंद. पुन्हा १.९९७. वीस झोके, तोच आकडा. जीवनच्या बोटातली किल्ली थांबली.

"चूक दरवेळी तेवढीच हाय," अंगद म्हणाला. "आमची काळी शेळी रोज एकाच जागेवरून पळायची. माय शेळीला बदडायची. मी कुंपण बघाया गेलतो."

"इथं कुठलं कुंपण?"

"वेळ कॉम्प्युटरनं मोजली. दोरी कशानं मोजली?"

कोपऱ्यात लाकडी मीटरपट्टी होती. टोक घासून गोल झालेलं. अंगदनं शेजारी स्टीलचा टेप धरला. पट्टी बारा मिलिमीटर कमी भरली. म्हणजे शंभर सेंटिमीटरची म्हणून बांधलेली दोरी अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठच होती. त्यानं नव्यानं गणित मांडलं. ९.७८.

सर आले. त्यांनी दोनदा टेप लावून पाहिला. मग कपाटातली जुनी जर्नलं काढली. जीवननं एक उघडलं, दुसरं उघडलं. ९.८०. सगळीकडे ९.८०. एवढ्या वर्षांत पट्टी झिजलेली कुणाला कळलीच नव्हती.

"मी बी याच टेबलावर शिकलो," सर हळूच म्हणाले. "मी बी तेच लिहिलं होतं."

"पण सर, पुस्तकात ९.८० हाय," जीवन न राहवून बोलला.

"ते साऱ्या पृथ्वीचं सरासरी. जागा बदलली की आकडा थोडा बदलतो. हे आपल्या बीडचं."

त्यांनी सही केली.

पालीच्या अलीकडे जीवननं गाडी थांबवली. खाली उतरून एक खडा उचलला आणि हातातून सोडला. मग पुन्हा उचलला.

"काय बे?" अंगदनं विचारलं.

"थांब. अजून एकदा बघू दे."